व्याख्या बरोबर, पेला चुकला

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आज जरा भांडायचे आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

निमित्त घरचेच. २०२५ च्या पावसाळ्यात मी चांगलीच आजारी पडले. बाहेरचे काही खाल्ले नव्हते, पण या वयात पोट बिघडायला निमित्त लागत नाही. रात्रीतून सहा-सात वेळा उठावे लागले आणि सकाळी पायांत त्राण उरले नाही. मुलगा आणि सूनबाई कामावर निघून गेलेली. आमचे हे डॉक्टरांना विचारून औषध आणायला खाली उतरले आणि जाता जाता नातवाला सांगून गेले, "डब्यात ओआरएसची पुडी आहे, ती आजीला करून दे." नातू तेव्हा नववीत होता.

पोरगा गुणी. लगेच उठला. पेला घेतला, पुडी फोडून सगळी त्यात ओतली, वर पाणी भरले आणि चमच्याने मन लावून ढवळले. "पूर्ण विरघळलंय आजी, खाली काही राहिलं नाही," असे वर सांगितलेही. मी एक घोट घेतला आणि माझे तोंड वेडेवाकडे झाले. खारट म्हणजे काय खारट! पुडी मागून घेतली, चष्मा लावला. त्यावर स्वच्छ छापले होते, एक लिटर पाण्यात मिसळा. आमचा पेला दोनशे मिलिलिटरचा.

मी त्याला जग आणायला लावला, तो पेला त्यात ओतायला लावला आणि वर आणखी चार पेले उकळून गार केलेले पाणी. झाले. एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण चार दिवसांनी मी उठून बसती झाले, तर शेजारच्या खोलीत हे चिरंजीव चाचणीचा अभ्यास करत होते, मोठ्याने. "अ सोल्युशन इज अ होमोजिनियस मिक्श्चर ऑफ टू ऑर मोअर सबस्टन्सेस." मग सोल्यूट, सॉल्व्हंट, मास पर्सेंटेज. मग पुढच्या धड्यातले हायपोटॉनिक, आयसोटॉनिक, हायपरटॉनिक. एकही शब्द अडखळला नाही. आधीच्या चाचणीत याच धड्यांवर वीसपैकी अठरा पडले होते.

मी हाक मारली. म्हटले, "एक गणित घाल माझ्यासाठी. पुडीत साडेवीस ग्रॅम पावडर. दोनशे ग्रॅम पाण्यात विरघळवली. मास पर्सेंटेज किती?" अर्ध्या मिनिटात उत्तर आले, नऊ टक्क्यांच्या वर. "आणि एक लिटर पाण्यात?" दोन टक्के. मग तो गप्प झाला. माझ्याकडे बघितले, टेबलावरच्या पेल्याकडे बघितले आणि म्हणाला, "आजी, हे तेच होतं?"

मंडळी, "हे तेच होतं?" या तीन शब्दांनी माझी झोप घालवली. आजचे भांडण त्यासाठीच आहे.

पोराला दोष नाही. त्याला द्रावणाची व्याख्या येते. संहती काढता येते. पेशीच्या बाहेरचे द्रावण जास्त तीव्र असले की पेशीतले पाणी बाहेर पडते, हेही तो आकृती काढून सांगतो. फक्त ते द्रावण म्हणजे आजीच्या हातातला पेला आणि ती पेशी म्हणजे आजीच्या आतड्यातली, हे त्याला कोणी कधी दाखवले नाही. त्याच्या लेखी द्रावण ही वहीत राहणारी वस्तू आहे. आणि माझे म्हणणे असे आहे की ज्याला पेला ओळखता येत नाही त्याला द्रावण येत नाही. वीसपैकी अठरा सोडा, वीसपैकी वीस पडले तरी येत नाही.

हे मी घरच्या ग्रूपवर लिहिले, तर पुण्याच्या इंजिनियर भाच्याने लगेच मला समजावले. "मावशी, तू उगाच मनाला लावून घेतेस. लहान चूक आहे. आधी बेसिक डेफिनिशन्स पक्क्या व्हाव्या लागतात, समज मागून येते. स्पर्धा किती आहे बघ." वर हात जोडल्याचे चित्र.

दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत. एकेक घेते.

आधी ती "लहान चूक". पुडीतले प्रमाण काही कुणी उगाच ठरवलेले नाही. लिटरभर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९. आपल्या आतड्याच्या पेशींना एक खोड आहे. सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून आले की त्या दोघांना आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरते. जुलाब चालू असतानासुद्धा हे दार बहुधा उघडे असते. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे पाणी जास्त उपयोगी. पण तेच पाचपट तीव्र करा. मग पाणी आत जायच्या ऐवजी शरीरातून आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात, शिवाय रक्तात मीठ वाढायची भीती. औषध तेच, पुडी तीच, प्रमाण चुकले की उलटे काम. माझ्यासारखी म्हातारी चव घेऊन थांबते. तान्हे मूल थांबत नाही, त्याला आई जे पाजेल ते ते पिते.

आणि हे प्रमाण म्हणजे काय चीज आहे याची साक्ष आपल्याच देशात मिळालेली आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तिथे डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचे प्रमाण बांधून घेतले, लिटरला साडेतीन ग्रॅम, अडीच ग्रॅम आणि बावीस ग्रॅम. ते पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले आणि पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आले. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आता सांगा, आमच्या नववीच्या पुस्तकात द्रावण शिकवताना याहून मोठे उदाहरण कोणते हवे? पण आम्ही शिकवतो सोल्यूट आणि सॉल्व्हंट. परीक्षेत रिकाम्या जागा भरायला.

आता भाच्याचे दुसरे म्हणणे. आधी व्याख्या, समज मागून.

इथे मला दुसऱ्या कुणाला बोलायचा अधिकार नाही, कारण मीच जन्मभर तसे शिकवले. आज ते कबूल करून टाकते.

मी बी.ए. मराठी, तीही मराठी माध्यमातून. १९७५ साली उरणच्या बाजूला एका गावातल्या शाळेत लागले. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, रायगड हे नाव १९८१ साली आले. विज्ञानाचे गुरुजी बदलून गेले, नवे येईनात. मग मला सांगण्यात आले, "बाई, सातवीचं विज्ञान तुम्हीच घ्या. पुस्तक आहेच." पुस्तक होतेच! मी ते कवितेच्या पुस्तकासारखे घेतले. वाचून दाखवले, कठीण शब्दांचे अर्थ सांगितले, व्याख्या फळ्यावर लिहिली, पोरांनी ती वहीत उतरवली. दुसऱ्या दिवशी उभे करून म्हणून घेतली. द्रावण म्हणजे काय? द्रावक म्हणजे काय? संपृक्त द्रावण म्हणजे काय? ज्याला येत नाही तो बाकावर उभा.

आणि मंडळी, ही पोरे कोणाची होती? मिठागरावर राबणाऱ्यांची. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आगरी हे नाव पडले असे म्हणतात. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या जे चालत होते तेच माझ्या फळ्यावर होते. भरतीचे पाणी आत घ्यायचे. समुद्राच्या पाण्यात शंभराला साडेतीन भाग क्षार. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवायचे, ऊन आणि वारा पाणी उडवत राहतो. आधी चुनखडीसारखे पदार्थ तळाशी बसतात, मग जिप्सम. पाणी आटून साधारण दहावा हिस्सा उरले की मीठ धरायला लागते. म्हणजे द्रावण, बाष्पीभवन, संपृक्तता, स्फटिकीकरण, सगळा धडा शाळेच्या खिडकीतून दिसत होता. मी खिडकीकडे पाठ करून फळ्यावर लिहीत होते. मूल खिडकीतून बाहेर बघताना दिसले तर खडू मारत होते.

१९७८ सालची गोष्ट. संपृक्त द्रावण चालले होते. मी सांगत होते, पाणी आटले की मीठ उरते, संपले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, "बाई, सगल्या पान्याचा मीठ नाय होत. शेवटचा पानी करू लागतं. तो सोरून देतान."

वर्गात हशा पिकला. मी काय केले असेल? मी मराठीची बाई. मी म्हटले, "करू नाही, कडू. सोरून नाही, सोडून. म्हण दहा वेळा." आगरी बोलीत ‘ड’ चा ‘र’ होतो हे मला पाठ होते, आणि तो सुधारणे हे माझे कर्तव्य होते. त्याने दहा वेळा कडू म्हटले आणि खाली बसला. पुन्हा त्या वर्षात तो उभा राहिला नाही.

तो बरोबर सांगत होता. मीठ काढून घेतल्यावर जे पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते कडू. ते वेळीच सोडून दिले नाही तर मीठही कडवट होते आणि पावसाळ्यात ओले होते. माझ्या पुस्तकात समुद्राचे पाणी म्हणजे मीठ अधिक पाणी एवढेच होते, आणि या बारा-तेरा वर्षांच्या पोराने जिभेने ओळखले होते की त्यात आणखी काहीतरी आहे. मिश्रणातले घटक वेगळे करणे म्हणजे याहून वेगळे काय असते? त्याने मला रसायनशास्त्र सांगितले आणि मी त्याचा ‘ड’ सुधारला. हे मला कळले तेव्हा मी निवृत्त झाले होते. मिठाविषयी सहज काहीतरी वाचत होते, आणि तो मागचा बाक डोळ्यांसमोर आला.

पुढच्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आहे. ती मी घरात कधी बोललेले नाही. सातवीतली एक मुलगी आठवडाभर आली नाही. आली तेव्हा कळले, तिचा दीड वर्षाचा भाऊ हगवणीने गेला. मी समाचाराला गेले. तिची आई सांगत होती, पाणी पाजले की पुन्हा होत होते, म्हणून पाणी बंद केले होते. तेव्हा सगळे असेच करत. घरात मीठ होते, मिठाला तर तोटाच नव्हता. साखर होती. पाणी होते. सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, एक लिटर स्वच्छ पाणी, एवढे सांगणारे कोणी नव्हते. मलाही ते माहीत नव्हते, पण मी त्या घरातल्या मुलीला द्रावणाचा धडा शिकवलेला होता. तिला दहापैकी आठ गुण दिले होते. ते पोर त्या पाण्याने वाचलेच असते असे मी म्हणत नाही. पण द्रावणाची व्याख्या ज्या घरात पाठ होती त्या घरात ते कोणी कालवले नाही, एवढे मला दिसते.

म्हणून "समज मागून येते" असे कोणी म्हटले की मला राग येतो. कधी येते मागून? शेहेचाळीस वर्षे झाली. माझ्या नातवापर्यंत तरी आली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, बाई, जुन्या गोष्टी झाल्या, आता पुस्तके सुधारली. सुधारली, हे मी आधी म्हणते! बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत पानोपानी "करून पहा" आहे. नातवाच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही होते. सुक्या मनुका पाण्यात टाका, मग मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात टाका, काय होते ते बघा, असे त्यात स्वच्छ लिहिलेले. मी नातवाला विचारले, "टाकल्यास का मनुका?" तो म्हणाला, "नाही, पण उत्तर माहितीये. फुगतात आणि मग आकसतात. गाईडमध्ये आहे." म्हणजे "करून पहा" चे आपण "वाचून पहा" केले आणि मग "पाठ करून पहा" केले. पुस्तक लिहिणाऱ्यांनी काय करावे बिचाऱ्यांनी!

प्रात्यक्षिकांचेही तेच. नवी मुंबईत आल्यावर एका शाळेत मी मराठी शिकवत असे. एका वर्षी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या म्हणून जर्नल तपासायला मदत केली. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती. साठ जर्नले. पहिल्या चार-पाचांत माझ्या लक्षात आले की डावीकडून तिसऱ्या पेशीत केंद्रक काढायचे राहिले आहे. पुढच्यांतही त्याच पेशीत राहिलेले. साठही वह्यांत तोच कांदा! मागच्या वर्षीच्या कुणा एकाच्या जर्नलवरून पिढी पुढे चालली होती. सूक्ष्मदर्शक होता, कपाटात, कुलपात, काच फुटेल म्हणून. मीही त्या साठ जर्नलांवर सही केली. दहावीला लेखी ऐंशी गुण आणि प्रात्यक्षिकाचे वीस, आणि ते वीस कसे मिळतात हे इथे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. आपण त्याबद्दल तक्रार करत नाही, कारण ते आपल्या मुलाला मिळालेले असतात.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात कप्पे बघितले आणि त्यांना नाव दिले. आधी बघितले, मग नाव. लेवेनहूक हा तर डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी, पदवी नाही की काही नाही, स्वतः भिंगे घासून पाण्याच्या थेंबात जीव बघत बसला. आपली मुले उलट्या वाटेने चालतात. आधी नाव, मग आकृती, मग गुण. बघणे शेवटपर्यंत येतच नाही.

"मावशी, एका वर्गात साठ मुलं, कुठून आणायची प्रयोगशाळा?" हे भाच्याचे पुढचे अस्त्र. त्याला मी होशंगाबाद सांगितले. मध्य प्रदेशातला तेव्हा त्या नावाचा जिल्हा, १९७२ साली तिथल्या सोळा सरकारी शाळांत दोन संस्थांनी प्रयोग सुरू केला आणि पुढे तो सगळ्या जिल्ह्याच्या उच्च प्राथमिक वर्गांत गेला. खेड्यातल्या साध्या शाळा. चार-चार मुलांच्या टोळ्या, स्वस्त साहित्याची पेटी, आधी करायचे, मग वर्गात वाद घालायचा, मग निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहायचा. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा आणि प्रात्यक्षिक सक्तीचे. तीस वर्षे चालला. २००२ साली तिथल्या सरकारने बंद केला. बंद केला हे खरे, पण तीस वर्षे चालला हेही खरे. तेव्हा "आपल्याकडे होऊच शकत नाही" हे मला सांगू नका.

आणि इतक्या लांब कशाला? वाशीला लोकल पकडा, खाडीचा पूल ओलांडला की पुढचेच स्टेशन मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, १९७४ पासून काम करणारे. त्याचे पहिले धुरीण व्ही. जी. कुलकर्णी यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम केले आणि वारंवार सांगितले की पुस्तकाची क्लिष्ट भाषा हीच या मुलांना मोठी अडचण आहे. मूल मठ्ठ नसते, वाक्य मठ्ठ असते (हे माझे शब्द). आमच्या घरापासून तासाभराच्या आत ही माणसे काम करत होती आणि मी इकडे पोरांकडून व्याख्या घोकून घेत होते.

भाषेचे आले म्हणून सांगते. हा मराठी विरुद्ध इंग्रजीचा झगडा नाही, तसे कृपा करून कोणी करू नये. मी "द्राव्य, द्रावक, द्रावण" घोकून घेतले, नातू "सोल्यूट, सॉल्व्हंट, सोल्युशन" घोकतो. घोकंपट्टीत दोन्ही माध्यमे सारखीच हुशार! पण एक फरक पडतो. मूल जेव्हा स्वतः बघते तेव्हा ते आधी घरच्या शब्दांत बोलते. विरघळलं, साका बसला, पाक एकतारी झाला, काकडीला पाणी सुटलं. हे शब्द म्हणजे अडाणीपणा नाही, ती निरीक्षणे आहेत. "पाणी सुटलं" यात परासरणाचा अर्धा धडा आहे. त्यावर परासरण म्हणा की ऑस्मोसिस म्हणा, नाव नीट बसते, कारण बसायला जागा असते. घरचा शब्दच आपण वर्गाबाहेर काढला, तर वरचे नाव कशावर बसणार? माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे "करू" हा शब्द होता. मी तोच काढून घेतला.

मग व्याख्या नकोच का? असे मी म्हटलेले नाही. व्याख्या हवी, पण जेवणानंतर पान असते तशी. नुसते पान खाऊन पोट भरत नाही.

आता तुम्हाला वाटेल, बाईंनी भांडण केले आणि स्वतः काय केले? केले ना. बरी झाल्यावर एका रविवारी नातवाला स्वयंपाकघरात बोलावले. दहा मनुका पाण्यात, दहा मनुका रात्री पाण्यात फुगवून मग दाट पाकात. बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या. काकडी चोचवून मीठ लावून ठेवली. सूनबाई म्हणाल्या, "आई, त्याचा क्लास आहे." मी म्हटले, "हा क्लासच आहे." दोन-तीन तासांनी मिठातली चकती हातात घेतली तर ओल्या चामड्यासारखी लुळी पडलेली, आणि साध्या पाण्यातली ताठ, कटकन मोडणारी. तो दोन्ही वाकवून बघत राहिला. कुठेही पुस्तक काढले नाही. मग एकदम म्हणाला, "आजी, लोणच्यात मीठ घालतो तेव्हा कैरीचं पाणी निघतं. मग बुरशीच्या पेशीतलंपण निघत असेल? म्हणून टिकतं?"

हे गाईडमध्ये नव्हते. मी त्याला सांगितलेले नव्हते. ते त्याचे होते.

त्याच संध्याकाळी त्याने न सांगता ओआरएसच्या डब्यावर कागद चिकटवला, "१ पुडी = १ लिटर = आपले ५ पेले. कमी नको, जास्त नको." अक्षर नेहमीसारखे गिचमिड. मी सुधारले नाही.

तर मंडळी, माझे मागणे फार मोठे नाही. शाळांना सांगा की सूक्ष्मदर्शकाचे कुलूप काढा, फुटला तर आम्ही पालक भरून देऊ. पालकसभेत "पोर्शन किती झाला" हे विचारायच्या आधी "या महिन्यात मुलांनी हाताने काय केले" हे विचारा. साठ जर्नलांत एकच कांदा दिसला तर तोंडावर सांगा. निवृत्त शिक्षकांनो, तुम्ही माझ्यासारखे सह्या करून मोकळे झाला असाल, तर सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एक रविवार चार मुले जमवा. सामान वाण्याकडे मिळते.

आणि मुलाने काही वेगळे सांगितले, पुस्तकात नसलेले, अशुद्ध बोलीतले, तर आधी ऐका. तो मागच्या बाकावरचा मुलगा आता साठीचा असेल. सिडको १९७० साली आली, मग हळूहळू इथली शेते आणि मिठागरे जाऊन सेक्टर झाले. त्याची मुले-नातवंडे याच नवी मुंबईत कुठेतरी "होमोजिनियस मिक्श्चर" पाठ करत असतील. कधी भेटला तर मला त्याच्याकडून ते शेवटचे पाणी कधी सोडायचे, कसे ओळखायचे, हे नीट विचारून घ्यायचे आहे. त्याच्या शब्दांत.

भाच्या, तुझे उत्तर येईलच. त्याआधी दहा मनुका भिजत घाल, लेकीला समोर बसव, आणि मग लिही.